पोरीच्या नावाची डबी

माझी नखं बारा महिने गुलाबी असतात. शेजारणी विचारतात, मेंदी काढली का? मी म्हणते, व्हय, सरकारी मेंदी. तो कार्बोल फुक्सिनचा रंग आहे, साबणाला दाद देत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे, गावाचं नाव सांगत नाही. माझा निम्मा दिवस लोकांची थुंकी काचपट्टीवर रंगवण्यात जातो. लाल रंग ओतायचा, खालून दिवा फिरवून वाफ येऊ द्यायची, धुवायचं, मग ॲसिड. ॲसिड पडलं की सगळं रंग सोडून देतं, टीबीचा जंतू तेवढा सोडत नाही, कारण त्याच्या अंगावर मेणचट कवच असतं. शेवटी निळा रंग. भिंगाखाली निळ्यात लाल काड्या दिसल्या की निकाल लागला.

मी तोंडानं फटकळ आहे. डबीत कुणी नुसती लाळ आणली की सुनावते, "ही थुंकी हाय का नळाचं पाणी? छातीतून खोकून आणा." चांगली मिशीवाली माणसंसुद्धा गपगुमान डबी घेऊन पुन्हा खोकायला दवाखान्याच्या भिंतीमागे जातात. हे सांगायचं कारण, त्या एका दिवशी मी गप्प बसले.

एक बाई आपल्या पोरीला घेऊन आली होती. पोरगी एकोणीस-वीस वर्षांची, काटकुळी, दोन वाक्यांमागे एकदा खोकणारी. साखरपुड्यात तिला असा ठसका लागला की नवऱ्या मुलाकडच्यांनी अडवून धरलं, आधी थुंकीचा रिपोर्ट दाखवा, मग हळद. लग्न आठ दिवसांवर. फॉर्म भरताना मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, नांदेडला हॉस्टेलवर राहून शिकते, पाच वर्षं झाली. सुट्टीत घरी आल्यावर आई चुलीपुढं बसू देत नाही, हेही तिनंच हसत सांगितलं. आईसुद्धा खोकत होती, पण तो जुना, धुराचा खोकला. डोळेही तसेच लाल. पोरीनं डबीत लाळच दिली. मी तिला झापलं आणि उद्या सकाळची थुंकी आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आई एकटीच आली. "लेकराला कणकण हाय, उन्हात काहून आणायचं म्हणलं," असं म्हणून तिनं डबी पुढं केली. थुंकी घट्ट होती, बराबर छातीतली. मशीनवरच्या तपासणीचं किट तेव्हा संपलं होतं, म्हणजे सगळी भिस्त माझ्या काचपट्टीवर.

मी शंभर जागा बघितल्या. लाल काडी एकही नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण निळ्या पेशींच्या पोटात काळे ठिपके गच्च भरले होते. फुफ्फुसात झाडलोट करणाऱ्या पेशी असतात. आत आलेली काजळी त्या गिळतात, आणि ती त्यांना पचत नाही, तशीच राहते. एवढी काजळी मी जन्मभर चुलीपुढं बसलेल्या बायांच्या थुंकीत बघते. हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवणाऱ्या पोरीच्या छातीत ती कुठून यायची?

मी बाहेर आले. बाई बाकावर पदर तोंडाला लावून बसली होती.

"मावशी, ही थुंकी पोरीचीच हाय ना?"

"तिचीच की," ती म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही.

एवढंच. मला कळलं होतं. पोरीला घेऊन या, माझ्यासमोर खोकू द्या, एवढं म्हणायला काय जात होतं? दिवसभर लोकांवर चालणारं माझं तोंड नेमकं तिथं बंद पडलं. मागे रांग होती, शनिवार होता, जेवायचं राहिलं होतं. आणि दया आली, हेही आहे. मांडव घातलाय, पत्रिका वाटल्यात, मी कशाला आड येऊ? काचपट्टीवर जे दिसतं ते लिहायचं, माणसांच्या तोंडावरचं वाचायचा पगार मला मिळत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पोरीच्या नावापुढं निगेटिव्ह लिहिलं. बाईनं कागद घडी घालून पोलक्यात ठेवला आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरले.

सात महिन्यांनी त्या दोघी पुन्हा आल्या. पोरीला दोघांनी धरून ॲटोतून उतरवलं. सासरच्यांनी सगळे दिवस खोकल्याच्या औषधावर काढले होते. टीबी कसा असेल, रिपोर्ट चांगला आहे ना, असं ते ज्याला त्याला सांगायचे. तो कागद त्यांनी जपून ठेवला होता. पोरगी उठेना झाली तेव्हा माहेरी आणून सोडली.

तिची थुंकी मी स्वतः हातात डबी धरून घेतली. तिला दम लागत होता, मधेच थांबून म्हणाली, "मॅडम, आज रागवू नका, निघत न्हाई." काचपट्टीवर जिथं बघावं तिथं लाल. मोजायची गरजच नव्हती. त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात ती गेली.

घरात टीबीचा पेशंट असला की बाकीच्यांनाही तपासतात. म्हणून तेराव्यानंतर ती आई डबी घेऊन आली. मी फॉर्म ओढला, तशी म्हणाली, "या टायमाला माझंच नाव लिवा."

मला लिहिता येईना. ती बाकावर बसली आणि हळू आवाजात सगळं सांगत गेली. पोरीनं त्या दिवशी पहाटे उठून थुंकी दिलीही होती. हिनंच ती डबी न्हाणीत धुऊन काढली आणि स्वतः खोकली. लग्न एकदा उरकू दे, मग गुपचूप दवा चालू करू, असं हिनं ठरवलं होतं. पण सासरी गोळ्या कुणी बघितल्या तर, या भीतीनं ते राहूनच गेलं.

मग तिनं मला विचारलं, "तुमाला तवा कळलं व्हतं ना?"

मी हो म्हणाले.

ती रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तुमी एकदाच इचारलं, मॅडम. मी आदल्या राती झोपले नव्हते. अजून एकदा इचारलं असतं, तर मी सांगितलं असतं."