मिठूचा उजवा पंख

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वैशूला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

द्वारका चौकाजवळच्या आमच्या घरी, गॅलरीत, मिठू पोपट होता. काय त्याचे लाड! निफाडहून मामा द्राक्षं आणायचा, त्यातला पहिला घड मिठूचा. उन्हाळ्यात पिंजऱ्यावर ओलं फडकं. 'वैशे, ऊठ!' असं थेट आईच्या आवाजात ओरडून तो माझ्या धाकट्या बहिणीला उठवायचा, आणि ती उशी फेकून मारायची. त्या सकाळी आठवल्या की अजून हसू येतं. पिंजरा मीच धुवायचे. मिठू सुखात आहे, याबद्दल मला कधी शंका आली नाही.

वैशूला यायची.

"ताई, तू त्याला सगळं देतेस गं. पण त्याला काय हवंय, हे बघितलंस का कधी?"

मी चिडले. पोपटाचं काय बघायचं? पण तिचं ठरलं होतं — संक्रांत होऊ दे, आभाळातले पतंग उतरू देत, मग त्याला सोडायचं. मांजात अडकू नये म्हणून थांबली होती, वेडी.

आणि मी? ती शाळेत गेल्यावर मी मिठूला टॉवेलात धरलं, उजव्या पंखाची लांब पिसं कात्रीनं कापली. दुखतं थोडंच, नखं कापल्यासारखं तर आहे — असं स्वतःला समजावलं. पंख मिटला की कळतही नव्हतं. तिला सांगणार होते. का नाही सांगितलं? भांडण होईल म्हणून — इतकंच.

संक्रांतीनंतर तिनं कुणाला न विचारता त्याला गच्चीवरून उडवलं. तो एका अंगाला कलंडत, गिरक्या घेत रस्त्यावर गेला आणि रिक्षाखाली आला.

"पिंजऱ्यातलं पाखरू ते, त्याला कुठलं उडता येतंय! मारलंस ना त्याला?" आई तिला म्हणाली. वैशू रडत माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावली. हो — आईच्या बाजूनं.

परवा सटाण्याला तिच्या घरी होते. स्वयंपाकघरात होला पक्षी शिरला, भाचीनं ओढणीत धरला. वैशू मागं सरली.

"मावशीकडे दे गं. माझ्या हाताला यश नाही."

मी अंगणात ओंजळ उघडली. होला उडून कडुनिंबावर बसला. वैशूचे डोळे भरून आले. "तुझा हात चांगला आहे, ताई," ती म्हणाली.

मी ते ऐकून घेतलं.