सामना संपल्यावरची तक्रार

कबड्डीवाले चार जण एका टेबलाला बसले की किस्से सांगावे लागत नाहीत, आपोआप निघतात. मी पीटीचा मास्तर. रिटायर झालो आणि साताऱ्या-सांगलीच्या आमच्या लीगच्या शिस्त समितीत सचिव म्हणून जाऊन बसलो. अध्यक्ष आबा, एक माजी सुभेदार आणि मी. सहा वर्षांत एवढं साठलंय की दोनदा चहा होतो, तरी संपत नाही. पूर्वी सांगताना मलाच हसू यायचं. आता सांगतो, पण हसायचं का ते तुमचं तुम्ही बघा.

*

पहिल्याच वर्षीची गोष्ट. औंधकडच्या एका खेळाडूनं भर सामन्यात पंचाला आईवरनं शिवी दिली. लाल कार्ड, केस आमच्याकडं. चौकशीत कळलं, पंच त्याचा सख्खा थोरला भाऊ! म्हणजे गड्यानं स्वतःच्याच आईचा उद्धार केलेला. आबा बुचकळ्यात पडले. सुभेदार म्हणाले, "आपण पाच मॅच बंदी घालू. बाकीचं त्येची आई बघंल."

चहा यायच्या आत निकाल लागला. तेव्हा वाटायचं, काय फास्ट समिती आहे आपली.

*

आता स्वातीचं सांगतो. वय सव्वीस, कवठे महांकाळकडची, बाप अजून मेंढरं घेऊन फिरतो. शाळेत माझ्या हाताखाली खेळली, पंचांच्या परीक्षेला मीच बसवलं. अख्ख्या लीगमध्ये ती एकटी बाई पंच. तिला राज्य पंच व्हायचं होतं, आणि त्याला आमच्या समितीचं शिफारसपत्र लागतं.

मागच्या हंगामात सांगलीला सामना संपल्यावर ती सही केलेली स्कोअरशीट ठेवायला ऑफिसच्या खोलीत गेली. मागनं दिगू आला. दिगू म्हणजे लीगचा एक नंबरचा रेडर, त्याची पोस्टरं एसटी स्टँडपर्यंत लागतात. त्यानं दार लावलं आणि तिला धरलं. ती कशीबशी सुटून बाहेर आली.

तक्रारीचा वेगळा कागद आमच्याकडं नव्हताच. म्हणून तिनं पंचांच्या रिपोर्टच्या छापील फॉर्मवर लिहिली. त्यात एक रकाना असतो, प्रसंग कितव्या मिनिटाला घडला. तिनं लिहिलं, सामना संपल्यावर.

आबांनी फॉर्म वाचून चष्मा काढला. स्कोअरशीटवर पंचाची सही झाली की सामना संपला, आणि सामना संपला की आमचा अधिकार संपला, असा नियम आहे म्हणाले. नियम खरंच तसा आहे. स्वाती समोर बसलेली.

"म्हंजे सही करायच्या आधी धरलं असतं, तर चाललं असतं व्हय?"

तेवढ्यात चहा आला, सगळ्यांनी कप उचलले. मीही उचलला. 

*

मग कुणीतरी आबांच्या कानावर घातलं की लीगचा नियम काही असो, असली केस घ्यावीच लागते आणि तिला समितीत बाई सदस्य लागते, कायदा आहे. आबांनी मला नोटीस काढायला सांगितली. मी रजिस्टर उघडलं तर महिला सदस्य म्हणून एकच नाव. स्वातीचंच! दोन वर्षांपूर्वी कागद पुरा दिसावा म्हणून मीच घातलेलं, तिला सांगायचंसुद्धा राहून गेलेलं.

एकाच पाकिटात तिला दोन पत्रं गेली. एकात तक्रारदार म्हणून हजर राहा, दुसऱ्यात तक्रारीवर निर्णय द्यायला हजर राहा. तिचा फोन आला, "सर, कुठल्या खुर्चीत बसू?"

आबांनी तोडगा काढला. ती खोलीत असली म्हणजे बाई हजर, तेवढं पुरे. मत वगैरे तिनं द्यायचं नाही.

*

साक्षींचा तर कळसच. दिगूच्या संघातल्या बारा जणांनी लिहून दिलं की त्या वेळी दिगू आमच्याबरोबर गाडीत बसला होता. बारा कागद, बारा सह्या, आणि अक्षर एकाचंच. त्यातला एक जण तर त्या आठवड्यात पायाला प्लास्टर घालून कराडला घरी पडलेला. मी स्वतः केळी घेऊन त्याला बघून आलो होतो.

हे मी आबांना दाखवलं. ते म्हणाले, "आवं सर, एकी बघा की पोरांची. असली टीम आता बघायला मिळत न्हाई."

सुभेदारांनी मान डोलावली. मी इतिवृत्तात 'एकमुखी साक्ष' असं लिहिलं. तो शब्द मला कुणी सांगितला नव्हता.

*

शेवटी बोंब नको म्हणून दिगूला दोन महिने बंदी घालायचं ठरलं. ऐकून मला लय बरं वाटलं. मग आबांनी तारीख सांगितली, फायनलच्या दुसऱ्या दिवसापासून. पुढं पावसाळा. पावसाळ्यात आमचे सामनेच नसतात, मॅट गुंडाळून ठेवतात. कुणीच खेळत नसताना दिगूनं खेळायचं नाही, अशी ती शिक्षा!

कागदावर तरी आलं, असं मी स्वातीला समजावलं. पोलिसात जायचं तर घरी कळणार, आणि घरी कळलं की बाप पहिली तिची शिट्टी काढून घेणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ती म्हणाली, "समितीत तुमी हायसा म्हणून आले होते, सर."

लाज वाटली मला. राजीनामा मात्र दिला नाही.

*

फायनल कराडला. पंच लावायचं काम माझं. फिरत्या यादीत स्वातीचा नंबर आला आणि समोर कुठले संघ आहेत हे न बघताच मी तिला लावून मोकळा झालो.

सामन्याआधी पंच खेळाडूंची नखं तपासतो, एकेकाचा हात हातात घेऊन. वाढलेली असली तर कापून आल्याशिवाय मैदानात घेत नाहीत. ह्यात पंचाचा शब्द शेवटचा, त्यावर तक्रार चालत नाही.

रांगेत दिगू तिसरा होता. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि हसला. स्वातीनं आपले हात पाठीमागं बांधले, लांबूनच बघितलं.

"वाढलीत."

तो कापून आला. तिनं पुन्हा तेच सांगितलं. त्यानं आणखी कापली, बोटांतून रक्त यायला लागलं, तरी तेच. प्रेक्षक ओरडत होते, आबा स्टेजवरून हातवारे करत होते, आणि ती शिट्टी तोंडात धरून सामना सुरू करायला उभी. दिगू सगळा वेळ बाकावर बसून राहिला. त्याचा संघ हरला.

बक्षीस समारंभ व्हायच्या आधी समिती बसली. पंचानं वैयक्तिक राग काढला, सबब स्वातीला कायमची बंदी आणि शिफारसपत्र नाही. ठराव मी लिहिला. त्याची पोच घ्यायलाही मीच गेलो.

ती मॅटच्या कडेला बूट सोडत बसली होती. तिनं कागद पूर्ण वाचला, सही केली आणि माझ्याकडं दिला. मग उभी राहिली.

"सर, हात दाखवा."

मी कागद काखेत धरून दोन्ही हात पुढं केले. तिनं ते बराच वेळ बघितले.

"वाढलीत," म्हणाली, आणि पिशवी उचलून स्टँडकडं चालू पडली.