भाऊजींचा नॉर्मल रिपोर्ट

आमच्या घरात बरेच दिवस वास येत होता आणि आम्ही मासा शोधत होतो.

मिरकरवाड्यात राहणाऱ्या माणसाच्या नाकाला वासाचं काही वाटत नाही. जाळी, पाट्या, बर्फाचं पाणी, सुकत घातलेली मासळी, सगळं अंगात मुरलेलं असतं. पण हा वास वेगळा होता. कुजका, आणि त्यात गोडवा मिसळलेला. माझ्या मोठ्या जाऊबाई, हिरावैनी, मासळी विकायला बसतात. त्यांनी आपल्या पाट्या सोड्याने घासल्या, मोरी फिनेलने धुतली, माळ्यावरची सुकट उन्हात नेऊन टाकली. मांजरीने बांगडा ओढून नेला असेल म्हणून माझ्या नवऱ्याने, अनिलने, कपाट सरकवलं. मागे झुरळं निघाली. मासा नव्हता.

वास हिरावैनींच्या नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या गमबुटातून येत होता.

पडवी झाडताना मी बूट उचलला तर आत चिकट पिवळं पाणी होतं आणि त्या पाण्याला मुंग्या लागल्या होत्या. मी अंगणात धावत जाऊन ओकले. भाऊजी खाटेवरून म्हणाले, "काय गो संध्या, गोड बातमी काय?" आणि स्वतःच खो खो हसले. माझी वैष्णवी बारावीत आहे. मला त्या विनोदाचीही किळस आली.

"भाऊजी, पाय दाखवा."

"पायाला काय झालंय? शिंगाळ्या माशाचा काटा लागला जरासा."

"कधी?"

"झाले असतील पंधरा-वीस दिवस."

"आणि दुखत नाही?"

"अजाबात नाय. दुखला असता तर सांगितला नसता काय?"

त्यांनी पाय पुढे केला. हळद, बिब्बा, कुणीतरी सांगितलेली तंबाखू, सगळं त्या जखमेत थापलेलं. दोन बोटं काळी पडलेली, मधून पांढरट काहीतरी दिसत होतं. ते हाड होतं, हे मला नंतर कळलं.

भाऊजींचं नाव बाबल्या. सासरे लवकर गेले, तेव्हा हे अजून मिसरूड न फुटलेले, पण दुसऱ्याच्या होडीवर चढले. धाकट्या अनिलला आयटीआय केलं. माझं लग्न जमवायलाही तेच जयगडला आमच्या घरी आले होते, माझ्या वडिलांनी मुलाबद्दल विचारलं तर म्हणाले, "मुलगा कसा हाय ते सोडा, मी कसा हाय ते बघा." आयुष्यभर दुसऱ्यांच्या होड्या हाकून पन्नाशीच्या आसपास त्यांनी स्वतःची होडी घेतली. लहानशीच, एका इंजिनाची. सकाळी देवाला आधी हात जोडायचे की होडीला, हे त्यांचं कधी ठरलं नाही. घर तिच्यावर चालायचं आणि ते स्वतःही.

समुद्रावर गेलेल्या माणसाची कामं मागे राहिलेल्यांनी करायची, हा आमच्याकडचा शिरस्ता. रेशनला वैनी, बँकेत अनिल, सोसायटीच्या सभेला मी. भाऊजींच्या नावाचे आहेरसुद्धा अनिलच देऊन यायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

गेली काही वर्षं भाऊजींना तहान फार लागायची. होडीवर जाताना पाण्याचा कॅन न्यायचे आणि रिकामा आणायचे. रात्रभर उठबस चाललेली. शेजारचा रावजी, त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त आणि होडीवरचा खलाशी, जेटीवर सगळ्यांना सांगायचा, "बाबल्या बरोबर असला ना की भरती लवकर येते." लोक हसायचे, भाऊजी सगळ्यांत जास्त. आमच्या मोरीत मुंग्यांची रांग लागायची. ते कशाने हे सांगायला डॉक्टर लागत नाही. मी म्हटलं, साखर तपासून घ्या. भाऊजींनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची फाईल काढली.

"ह्यो बघ रिपोर्ट. विमा कंपनीचा. नॉर्मल. कंपनी येडी हाय काय, उगाच नॉर्मल लिवायला?"

विमा चार वर्षांपूर्वी घेतला होता. कोरोनात वाड्यातली धडधाकट माणसं हॉस्पिटलच्या बिलात घरासकट बुडाली, ते बघून वैनींनीच हट्ट धरला. वाड्यातल्या नितेशने पॉलिसी काढून दिली. तो रिचार्ज मारतो, मुंबईच्या बसची तिकिटं काढतो आणि पॉलिस्याही विकतो. वैनींनी एक हप्ता चुकवला नाही. मासळी लागो न लागो, हप्ता वेळेवर. आणि भाऊजी त्या रिपोर्टच्या जोरावर वर्षानुवर्षं चहात दोन चमचे साखर घालून प्यायले.

कोल्हापूरच्या हॉस्पिटलात साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "डायबेटिस किती वर्षांपासून आहे?"

"मला साखर नाय, साहेब. रिपोर्ट हाय."

डॉक्टरांनी डोळे तपासले, किडनीच्या तपासण्या केल्या. हे दुखणं सात-आठ वर्षांचं तरी असणार, म्हणाले. पायाची जाणीव गेली होती, म्हणून काटा कळला नाही. आधी दोन बोटं काढली. काळेपणा चढत राहिला, तेव्हा अर्धं पाऊल काढलं. पुढचे उपचार लांबणार होते. विमा मिळाला तर निभावणार होतं, नाहीतर विकण्याजोगी एकच वस्तू होती. ती जेटीला बांधलेली होती. तिचं नाव काढायची हिंमत कुणाला होत नव्हती.

मग हॉस्पिटलात विमा कंपनीचा चौकशी करणारा मुलगा आला. सडपातळ, नम्र. स्टूल ओढून बसला, हातात टॅबलेट.

"काका, पॉलिसीच्या वेळी रक्त घरी घेतलं की लॅबमध्ये?"

"घरी. नितेश माणूस घेऊन आलेला."

"तुम्हाला आठवतंय का, कुठल्या हातातून घेतलं?"

"मला काय म्हायत? मी होतो कुठं? बांगडा लागलेला, होडी सोडून घरी बसू काय?"

मुलाने वर पाहिलं. "मग रक्त कोणी दिलं?"

"अनिलनं दिला. सख्खा भाऊ हाय माझा. एकच रक्त."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण वैनींना वाटलं माहिती अपुरी राहू नये. त्या म्हणाल्या, "लघवीपण अनिलचीच दिली, बाटलीतून. काय कमी ठेवला नाय आम्ही."

मुलाचं बोट टॅबलेटवर थांबलं. मग त्याने सगळं टाइप केलं. त्याचा मला राग आला नाही. तो एकटाच तिथे आपलं काम नीट करत होता.

मी अनिलना बाहेर बोलावलं.

"तुम्ही रक्त दिलंत?"

"दिलं. रक्तच दिलं, किडनी नाय दिली."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"त्यात सांगायचं काय? तू तेव्हा माहेरी होतीस. नितेश म्हणाला, कंपनीला आजची तारीख पायजे, दादा दर्यात, तुम्हीच बसा. दादाला साखर हाय हे तेव्हा कोणाला म्हायत होतं? आपण कोणाला फसवलं काय?"

"हो. दादांना."

दाराआडून भाऊजींचा आवाज येत होता. ते त्या मुलाला विचारत होते, जेवलास काय, कुठला तू, लग्न झालं काय.

क्लेम नामंजूर झाला, पॉलिसीही रद्द झाली. मी कंपनीच्या नंबरवर फोन लावला. मला एकच जाणून घ्यायचं होतं: तेव्हा भाऊजींचं स्वतःचं रक्त गेलं असतं आणि त्यात साखर निघाली असती, तर तुम्ही पॉलिसी दिली असती का? फोनवरची बाई म्हणाली, बहुतेक दिली असती. हप्ता थोडा वाढला असता. साखरेच्या आजारांसाठी तीन वर्षं थांबावं लागलं असतं, त्यानंतर खर्च मिळाला असता. तीन वर्षं केव्हाच उलटली होती. तिने हे इतक्या सहज सांगितलं की मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. चार वर्षांपूर्वी त्या एका सुईने भाऊजींना साखर कळली असती, औषध सुरू झालं असतं आणि विमाही राहिला असता. त्यांच्या ऐवजी अनिलच्या दंडात ती सुई गेली, म्हणून पाऊल गेलं.

नितेशला मी टपरीवर गाठलं. तोंडात गुटखा, हातात दोन मोबाईल.

"वैनी, मी तुमचं कामच केलं."

"दुसऱ्याचं रक्त लावायला कुणी सांगितलं होतं?"

"अर्ध्या वाड्याची मेडिकलं अशीच झालीत. बाप्ये दर्यात असतात, कंपनी थांबते काय त्यांच्यासाठी? आणि तुम्ही बीकॉम ना? एवढ्या मोठ्याने बोंबलू नका. बाकीच्यांचे पण क्लेम अडकतील, मग त्यांना तोंड द्या."

एवढं बोलून तो थुंकला. पिंक माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर पडली. टपरीवरची माणसं दुसरीकडे बघायला लागली. त्यांच्यातल्या किती जणांच्या घरात असला नॉर्मल रिपोर्ट पेटीत जपून ठेवलेला असेल, या विचाराने मला त्या थुंकीपेक्षा जास्त शिसारी आली.

होडी जयगडच्या माणसाने घेतली. सौदा ठरला त्या दिवशी भाऊजी रिक्षातून जेटीवर गेले. मला वाटलं, रडतील. त्यांनी नव्या मालकाला एवढंच सांगितलं, "इंजिन थंड असलं तर जरा खोकतंय. रागावू नकोस, थांब जरा. धरतंय मग." मग रिक्षात बसून राहिले. होडी सुटेपर्यंत रिक्षावाल्यालाही हलू दिलं नाही.

बघायला येणाऱ्यांचा तेव्हा तोटा नव्हता. बायका पदर नाकाला लावून यायच्या, पट्टी उघडायला सांगायच्या, जीभ चावायच्या आणि चहा पिऊन जायच्या. कुणी म्हणालं करणी आहे, कुणी म्हणालं होडीला नजर लागली. एकीने विचारलं, कापलेलं पाऊल परत देतात का. चारचौघांत साखर म्हणायला कुणी तयार नव्हतं. करणी चालते, नजर चालते, साखर म्हटलं की नाव लागतं. मुलीचं लग्न असलं तर तर बोलायचंच नाही.

मीही मुलीची आई आहे. मी घरातल्या सगळ्यांना लॅबमध्ये नेलं, नाव लागलं तर लागो. वैष्णवीच्या दंडात सुई गेली तेव्हा तिचा दुसरा हात मी धरून ठेवला होता. तिचा रिपोर्ट चांगला आला, तरी दर वर्षी तपासायचं मी ठरवलं आहे. ज्यांच्या रक्ताने भाऊजी पास झाले होते त्या अनिलची साखर आता वाढलेली निघाली. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि त्या दिवशी जेवले नाहीत. आम्ही विम्याचा नवीन फॉर्म भरला, त्यात ती साखर लिहिली. हप्ता जास्त बसला. भरतो आहोत.

तरीही वाड्यात सुधारणा झाली म्हणाल, तर ऐका. होडी जाऊन महिना झाला नव्हता. रावजी आता दुसऱ्या होडीवर जातो. त्याची बायको राही आमच्या पडवीत आली. भाऊजी खाटेवर होते, पाय उशीवर. राहीने अनिलना हाक मारली.

"भावजी, उद्या सकाळी जरा मोकळे हात काय?"

"काय गं?"

"आमच्या ह्यांचं विम्याचं मेडिकल हाय. हे दर्यात असतील. तुमचं रक्त पास झालेलं ना? दोन मिनटांचं काम."

तिच्या समोर त्या उशीवर पट्टीत गुंडाळलेलं अर्धं पाऊल होतं. आणि ही बाई रक्त मागत होती, विरजण मागावं तसं. मला तिला धरून बाहेर काढावंसं वाटलं. अनिल आत निघून गेले.

भाऊजी म्हणाले, "राही, रावज्याला सांग, उद्या दर्यात जायचं नाय."

"अवो, पण बांगडा लागलाय."

"बांगडा मला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रिक्षा बोलावली. कुबडी घेऊन रावजीच्या दारात उभे राहिले आणि तो बाहेर येईपर्यंत नावाने हाका मारत राहिले. सगळी आळी दारात आली. रावजी शिव्या देतच रिक्षात बसला. लॅबमध्ये भाऊजी त्याच्या शेजारी बसले, सुई आत जाईपर्यंत त्याचा दंड सोडला नाही.

रावजीला साखर निघाली. बरीच. फॉर्मवर ती लिहावी लागली, हप्ता वाढला, थांबायची मुदत लागली. दारू बंद, चहा बिनसाखरेचा. रावजीने भाऊजींशी बोलणं टाकलं. "स्वतःचा पाय गेला म्हणून माझ्यामागे साखर लावली," असं तो जेटीवर सांगतो, आणि ऐकणारे माना डोलावतात. आमच्या दारावरून जाताना तो तोंड फिरवतो.

परवा राही कोथिंबीर मागायला आली तेव्हा भाऊजींनी विचारलं, "रावज्या गोळी घेतो काय?"

"घेतात. तुमच्या नावानं शिव्या देत घेतात."

"कधी?"

"सकाळी."

"संध्याकाळची पण असते," भाऊजी म्हणाले. "तेव्हा पण शिव्या देऊ दे म्हणावं."