दिवेलागणीचा डबा

पैसे साठवायला वर्षं जातात हो, किस्से मात्र आपोआप साठतात. आणि त्यांना व्याजही चांगलं मिळतं, दर वेळी सांगताना थोडे वाढलेलेच असतात!

आमचा चौघींचा बचत गट. दिवेआगरात माझं होमस्टे. शेजारच्या वाडीतल्या कमळकाकू, एकट्याच राहतात. कोळीवाड्यातली सुनंदा मासळी विकते. आणि बोर्लीची नसीमा, शिवणकाम करते. चौघींना एकत्र आणलं ते भीतीनं. वादळात माझे पत्रे उडाले, काकूंच्या पोफळी आडव्या झाल्या, लाईट गेली, एटीएम बंद. घरात तांदूळ होते, पण मेणबत्ती घ्यायला सुटे पैसे नव्हते. त्या अंधारात बसून सुनंदा म्हणाली, "वाऱ्याला न्हाय भ्याले मी वहिनी, या रिकाम्या हाताला भ्याले."

तेव्हापासून नियम. रोज दिवेलागणीला, देवाजवळ दिवा लावला की आपापल्या डब्यात काहीतरी टाकायचं. नसीमा मगरिबची नमाज झाली की टाकते. पाहुणे असोत, ताप असो, टाकायचं म्हणजे टाकायचं. दर बुधवारी डबे घेऊन माझ्या पडवीत जमायचं.

*

पहिल्या वर्षी सगळ्यात मोठी भीती होती नवऱ्यांची! सुनंदाचा भास्कर माणूस चांगला, पण हातात पैसा दिसला की त्याला बोटीचं काहीतरी नवीन आठवतं. म्हणून सुनंदानं आपला डबा सुक्या बोंबलांच्या पिंपात तळाशी पुरला. एकदा भास्करला जेवताना बोंबील खायची हुक्की आली आणि तो स्वतःच उठून पिंपात हात घालायला लागला.

सुनंदा ओरडली, "हात काढ! आत विंचू हाय!"

त्यानंतर भास्कर त्या पिंपाकडे फिरकला नाही. पावसाळ्याआधी आम्ही पैसे भरायला बँकेत गेलो. कॅशियरनं सुनंदाच्या नोटा हातात घेतल्या, नाकाजवळ नेल्या आणि खिडकीतून विचारलं, "मावशी, या मोजायच्या की तळायच्या?"

*

कमळकाकूंची सवय म्हणजे बटणं बंद करणं. खोलीतून निघताना दिवा, पंखा, चार्जर, सगळं बंद. सवय चांगलीच, पण ती त्यांच्या घरापुरती राहिली नाही!

एकदा हे अलिबागला गेले होते, होमस्टे रिकामं. अंधारून आलं होतं. मी स्वयंपाकघरात. पडवीत पावलं वाजली. मग खर्रकन खुर्ची सरकली. आणि बाहेरचा दिवा गेला! मी नारळ सोलायचा कोयता उचलला, दाराआडून ओरडले, "कोण आहे?"

बाहेर कोणीतरी धापा टाकतंय.

मी डोळे मिटून दार ढकललं. खुर्चीवर कमळकाकू उभ्या, हात बटणावर!

"अगं, तासभर बघत्ये, तुझा दिवा फुकट जळतोय. माझाच जीव तुटायला लागला!"

"काकू, हाक तरी मारायची! मी कोयता घातला असता!"

काकू शांतपणे खाली उतरल्या. म्हणाल्या, "हाक मारली असती, तर तू बंद करू दिला नसतास."

*

याच काकूंनी आम्हाला एकदा खरं घाबरवलं. बुधवारी त्या आल्याच नाहीत. नसीमा बोलवायला गेली आणि तिची किंकाळीच ऐकू आली. काकू विहिरीजवळच्या पायरीवर पडल्या होत्या, चेहरा पांढराफटक. रिक्षात घालून बोर्लीला नेलं. नसीमा वाटभर दुआ पुटपुटत होती, मी काकूंचा हात सोडत नव्हते.

प्रेशर भयंकर वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या घेता ना?"

"घेत्ये की. अर्धी अर्धी. महिन्याचं पाकीट दोन महिने पुरतं."

डॉक्टर म्हणाले, "काकू, पाकीट दुप्पट पुरतं, पण माणूस अर्धाच पुरतो!"

काकूंचे डोळे भरले. "आजारी पडले तर कोणाच्या दारात जाऊ? म्हणून साठवत होत्ये हो."

त्या दिवशी कोणालाच हसू आलं नाही. आता बुधवारी डब्याआधी काकूंची गोळ्यांची पट्टी बघतो.

*

नसीमाला व्हिडिओ कॉल आला. पलीकडे युनिफॉर्ममधला माणूस. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. अटक होईल. फोन बंद करायचा नाही, कोणाला सांगायचं नाही, खात्यातले सगळे पैसे चौकशीसाठी पाठवा."

ती एवढी घाबरली की फोन समोर धरून, तो न बंद करता, बोर्लीहून रिक्षानं थेट माझ्या पडवीत! कारण गटाचा दुसरा नियम: पैशाचं काहीही असो, आधी चहा घ्यायचा, चौघींनी बोलायचं, मग उत्तर द्यायचं. आल्या आल्या म्हणाली, "या अल्ला, मी काहीच केलं नाय ग वहिनी!"

मलाही वाटलं, खरंच पोलीस असला तर?

सुनंदा तेवढ्यात माझ्या मागच्या दारी मासे कापता कापता उठून आली. कोयती हातातच. तिनं फोनमध्ये तोंड घातलं. "साहेब, अटक करायला येताय? या. कुठल्या रस्त्यानं येताय तेवढं सांगा, आम्ही सामोऱ्या येतो!"

पलीकडून फोन बंद झाला. नसीमानं मग तीन कप चहा घेतला, आणि प्रत्येक कपाला रडली.

*

आणि गेल्या वर्षीची ती संध्याकाळ.

भास्करची बोट दुपारी परतायची होती. आली नाही. वारा फिरला, समुद्र काळा पडला. बाकीच्या बोटी लागल्या, भास्करचा फोन लागेना. शोधायला दोन बोटी गेल्या. आख्खा कोळीवाडा किनाऱ्यावर. सुनंदा वाळूत ताठ उभी. पापणी हलत नव्हती. मला तिच्याकडे बघायचीही भीती वाटत होती.

अंधार पडायला लागला तशी ती वळली आणि घराकडे चालायला लागली. मी मागे धावले. तिनं दिवा लावला, डबा काढला, कमरेच्या पिशवीतून वीसची एक नोट टाकली. मग थांबली. आणखी एक टाकली.

"सुनंदा, आज कशाला गं? आणि ही दुसरी कोणाची?"

"त्याची. आज त्याच्या नावानं मी घातली. आला की मागून घेईन."

मला तिथं उभं राहवेना.

सकाळी दुसऱ्या बोटीनं ओढत भास्करची बोट आणली. इंजिन बंद पडलेलं. बोटीवरचे सगळे जिवंत, थंडीनं गारठलेले. बायका रडत धावल्या. भास्कर गुडघाभर पाण्यातून लटपटत वर आला. सुनंदा रडली नाही. गर्दीतून पुढे गेली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि हात पसरला.

"माझे वीस रुपये दे आधी."

भास्करनं कसले म्हणून विचारलंही नाही. ओल्या खिशात हात घालून शोधायला लागला.