पडद्यावर न दिसलेली पाठ

कढीला हळद टाकली की मला थोरल्या दादाच्या अंगाचा वास येतो. तालमीच्या लाल मातीत हळद, ताक आणि तेल घालत, तोच वास. माझ्या लहानपणी एका वर्षी दादाने मोठी कुस्ती मारली होती. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, अगदी पुढे बसून ती बघितली होती आणि ते फेटा हवेत उडवून घसा बसेपर्यंत ओरडले होते. आम्हा बायकांना मैदानात जायची सोय नव्हती. म्हणून टॉकीजमध्ये सिनेमाआधीच्या न्यूजरीलमध्ये ती कुस्ती दाखवतात असं कळल्यावर सगळं घर गेलं. विड्यांच्या धुरात पडद्यावर दादा दिसला आणि आईने डोळ्यांना पदर लावला. दादाने समोरचा पैलवान उचलला आणि पुढच्याच क्षणी दादा लोकांच्या खांद्यावर! समोरच्याची पाठ मातीला लागून तो चितपट झालेला दाखवलंच नाही. मागून कुणीतरी ओरडलं, “पाठ कुठं लागली? दावा की!” सगळी टॉकीज हसली, दादाही हसला. आबा मात्र पडद्याकडेच बघत राहिले. घरी जेवताना त्यांनी एकदम विचारलं, “खरं सांग, त्याची पाठ लागली हुती का?” दादाचा घास हातातच राहिला. “तुमी म्होरंच बसला हुता की, आबा!” “बसलो हुतो. पर पडद्यावर न्हाय दिसली.” दादा भरल्या ताटावरून उठला आणि पुन्हा कधी आबांच्या शेजारी जेवायला बसला नाही. आता टीव्हीवर एकच झेल चारचारदा दाखवतात, नातवंडं डोळे लावून बसतात, आणि मी दरवेळी विचारते, “मधलं काय कापलंय रं?”