दोन वेढ्यांचं यंत्र

पंपांच्या, पंख्यांच्या जळलेल्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळून देण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गल्ली तिला मोटारवाली मावशी म्हणायची. काम चोख, तोंड फटकळ. धाकट्या भावाने भंगारातला मायक्रोवेव्ह ओव्हन तिच्या टेबलावर आदळला तेव्हा ती नाकाला पदर लावून मागे सरली. आत कुणाच्या तरी जेवणाचा काळा, तेलकट थर आणि त्यात झुरळांचं गोकुळ.

"शी! आधी बाहेर काढ ते."

"ताई, घाण नको बघूस, आतला ट्रान्सफॉर्मर बघ. सेलना पट्टी डागून जोडायचं यंत्र करून दे मला. बॅटऱ्या बनवीन म्हणतो. कधी नव्हे ते धड काहीतरी करतोय."

आईमागे तिनेच वाढवलेला तो. कुठे बोट ठेवलं की ताई विरघळते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिने आधी कपॅसिटरमधली साठलेली वीज उतरवली. ट्रान्सफॉर्मर सोडवून रॉकेलने पुसला. त्याची बारीक तारेची गुंडाळी माणूस मारील इतक्या विजेच्या दाबाची. ती करवतीने कापून टाकली. तिच्या जागी अंगठ्याएवढ्या जाड केबलचे फक्त दोन वेढे घातले. आता दाब नावाला, पण प्रवाह खिळा लाल करील असा. देवाचं नाव घेऊन बटण दाबलं आणि निकेलची पट्टी सेलला चट्कन चिकटली. केबलच्या एका टोकाचा डाग गोल उठला, दुसऱ्याचा चपटा. तिला मनातून फार बरं वाटलं.

महिन्याभराने शेजारचे शिंपीकाका विजेच्या चाकखुर्चीतून दुकानात आले. पाय अपघातात गेलेले.

"पोरी, बॅटरी नवी कोरी, तरी चढावर खुर्ची धापा टाकते. बघ जरा."

तिने वरचं चकचकीत वेष्टन कापलं. खाली गंजलेले, फुगलेले सेल. एक गळत होता; गोडसर, मळमळवणारा वास भस्कन अंगावर आला. आणि पट्टीवर डाग दोन: एक गोल, एक चपटा.

"कुठून घेतली, काका?"

"तुझ्या भावाकडून. यंत्र ताईच्या हातचं म्हणाला, मग मी कशाला बघतोय!"

बॅटरी अंगणातल्या वाळूत नेऊन ठेवून ती थेट दुकानामागच्या खोलीत गेली. भाऊ पोत्यातले टाकाऊ सेल चाकूने सोलत होता. त्यांना प्लास्टिकचे नवे निळे अंगरखे चढवत होता.

"लाज वाटते का रे?"

"सगळेच करतात, ताई. म्हाताऱ्या घोड्याला रंग लावला की तोही तरणा दिसतो."

"पेटली असती तर? ते खुर्चीवरून उडी मारणार होते?"

"पेटली का? नाही ना! तुझा तो देवधर्म देवघरात ठेव."

ती यंत्राकडे वळली. प्लग उपटला, करवत घेतली आणि दोन्ही वेढे कापून काढले.

"ताई, माझ्या पोटावर पाय देतेस!"

"तुझं पोट? आणि काकांचा जीव? आणखी कुणाला दिल्यास?"

"आता आठवतंय कुणाला! काकांनीच गिऱ्हाइकं आणली की."

ती दुकानात परतली आणि काही न लपवता काकांना सगळं सांगितलं. काकांनी मागच्या दाराकडे पाहिलं.

"तुझ्या दुकानामागेच चाललं होतं. महिनाभर वास नाही आला तुला?"

नाही म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

"आला होता," ती म्हणाली. "मी खिडकी लावून घेतली."

बोलताना तिला भावापेक्षा स्वतःचीच किळस आली.

"हं." काकांनी तोंड फिरवलं. "माझ्या शब्दावर चौघांनी घेतल्यात. ढकल आता ही खुर्ची. आणि प्रत्येक दारात तूच बोलायचंस, मी नाही."

तिने दुकानाला कुलूप लावलं आणि खुर्चीची मूठ धरली. पहिलं घर चढावर होतं.