कळलावीचा कंद

कल्याणला खाडीच्या बाजूस आमचं घर होतं, आणि परसात कुंपणावर माझी कळलावी. ठाण्याकडून भाजी घेऊन येणाऱ्या एका ख्रिस्ती शेतकरणीने मला तिचा कंद दिला होता. दर पावसाळ्यात कोंब वर येई, पानांच्या शेंड्यांनी कुंपण धरून चढे, आणि श्रावणात पिवळ्या-तांबड्या पाकळ्या उलट्या वळवून असा फुले की वाटेवरची माणसं थांबत. सासरी माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

सासूबाईंना तो वेल डोळ्यांसमोर नको असे. कळलावी दारात लावली की घरात कळ लागते, हा साऱ्या आळीचा समज. मला हसू येई. आमच्याकडे भांडायला वेल कशाला हवा? घरचे, म्हणजे माझे यजमान, कचेरीत कारकून. तिथे साहेबापुढे मान खाली घालायची आणि घरी येऊन हात उचलायचा; वड्याचं तेल वांग्यावर. भात कच्चा राहिला, मार. उलट उत्तर दिलं, मार. माझंही तोंड गप्प बसणारं नव्हतं. मार खाऊन झाला की सासूबाई म्हणत, "आधी तो वेल उपट." एकदा उपटलाही. मी कंद नेऊन विहिरीमागे लावला.

त्या वर्षी धाकटी जाऊ दिवसांत होती. पहिलटकरीण, भित्री. विहिरीमागे वेल फुललेला पाहून ती घाबरली, त्याने अवेळी कळा लागतात म्हणे, आणि तिने ते घरात सांगितलं. घरचे विळा घेऊन धावले. मी आडवी गेले, तेव्हा त्यांनी माझं उजवं मनगट असं पिरगळलं की डोळ्यांपुढे अंधारी आली. मग वेल जमिनीलगत छाटला. जाऊ दारात उभी राहून पाहत होती. मला राग आला तो तिचाच, मारणाऱ्याचा नाही. याची आजही लाज वाटते.

चारच दिवसांनी तिला कळा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मध्येच थांबल्या. सुईण बाहेर आली. "कळलावीचा कांदा हाय का गो घरान? नायतर बाय जाईल."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. वेल गेला होता, पण कंद मातीतच होता, आणि नेमका कुठे ते मलाच ठाऊक. नाही म्हणून टाकावं, असं मनात आलं. तेवढ्यात ती आतून कण्हली आणि मी डाव्या हातात खुरपं घेतलं.

सुईणीने बजावलं की कंद पोटावर सुरगाठीने बांधायचा आणि मूल बाहेर येताक्षणी सोडायचा, नाहीतर तो बाळंतिणीचा जीवही ओढून नेतो. सुईणीचे हात बाळंतिणीत गुंतलेले, म्हणून बांधायचं-सोडायचं काम माझ्याकडे आलं. उजवा हात सुजून टम्म झालेला. डाव्या हाताने जी बसली ती निरगाठ होती. ते मला कळलं, आणि मी बोलले नाही.

कळा पुन्हा आल्या. मुलगी झाली. सुईण ओरडली, "सोर गो, सोर!" मी गाठीला नखं लावली, दात लावले. गाठ हलेना. शेवटी सुईणीने मला ढकलून चिंधी कापली, तोवर रक्ताची धार लागली होती. दिवस मावळायच्या आत जाऊ गेली.

ओटीवर घरचे धाकट्या भावाला, जाऊच्या नवऱ्याला, सांगत होते, "मी कधीचा म्हणत होतो. त्या कळलावीने घात केला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रीतभात गुंडाळून मी पुरुषमाणसांत गेले आणि दिरापुढे हात धरला. "वेलाने नाही, भाऊजी. निरगाठ मी मारली. या हाताने सुरगाठ येईना. आणि हात कोणी मोडला, ते यांना विचारा."

भाऊजींनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि भावाला मारत सुटले. सासूबाई किंचाळल्या, "अगं, सोडव त्याला!" मी जागची हलले नाही. आत तान्ही रडत होती. तिला घ्यायला तिथे दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी आत गेले.